आधी हात, मग बॉल: बोलिंगच्या प्रो शॉपकडून शिकायचा मापाचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'गिऱ्हाइकाचं माप घेणं' हा विषय घेतला. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून तोच धडा इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

उदाहरण घेतलंय अमेरिकेतल्या बोलिंग प्रो शॉपचं. बहुतेक वेळा बोलिंग सेंटरच्या आतच असलेलं हे छोटंसं दुकान असतं. एक-दोन माणसं, भिंतीवर रंगीत बॉल, मागच्या खोलीत ड्रिलिंगचं मशीन. तुम्ही म्हणाल, "सर, आमचं टेलरिंगचं दुकान, आमचा फर्निचरचा कारखाना, आणि तुम्ही बोलिंग कुठून काढलंत?"

सांगतो. या धंद्यात बॉल कारखान्यातून येतो तेव्हा त्याला बोटांची भोकंच नसतात. भोकं पाडायची दुकानदाराने, त्या एका माणसाच्या हातासाठी. आणि एकदा ड्रिल फिरलं की माल मागे फिरत नाही. तो बॉल आता दुसऱ्या कुणाला नवा म्हणून विकता येत नाही, कंपनीकडे परत पाठवता येत नाही. माप चुकलं तर गिऱ्हाइकाचा अंगठा दुखतो आणि दुकानदाराचा खिसा.

म्हणून चांगला प्रो शॉपवाला प्रश्न एका ठरावीक क्रमाने विचारतो: आधी हात, मग फेक, मग लेन, आणि सगळ्यात शेवटी बॉल. आजचा धडा या क्रमाचाच आहे.

## आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ

मॉलमध्ये टेनपिन बोलिंग अनेकांनी खेळलं असेल. साठ फूट लांब लाकडी किंवा सिंथेटिक पट्टी, म्हणजे लेन. फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचं हे अंतर. रुंदी साडेएकेचाळीस इंच. लेन ३९ उभ्या फळ्यांमध्ये विभागलेली असते आणि खेळाडू या फळ्या मोजून नेम धरतात. टोकाला त्रिकोणात दहा पिन. पहिल्याच बॉलमध्ये दहाच्या दहा पाडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्या बॉलमध्ये पाडल्या तर स्पेअर.

मॉलमधला बॉल म्हणजे 'हाउस बॉल'. तो प्लास्टिकचा, भोकं मोठी, कुणाचीही बोटं जावीत अशी. हॉटेलातल्या बाथरूम चपला कशा असतात, सगळ्यांना होतात पण कुणालाच नीट बसत नाहीत, तसंच.

आता एक छोटा हिशेब करू. उजव्या हाताच्या खेळाडूने पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत, म्हणजे 'पॉकेट'मध्ये बॉल घालायचा असतो. बॉल तिथे साधारण सहा अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची शक्यता चांगली असते. पण लेन लांब आणि अरुंद. अगदी कडेवरून सरळ बॉल टाकला तरी दीड अंशाच्या आसपासच कोन मिळतो. उरलेला कोन आणायचा कुठून? बॉल वळवून. सरळ जाता जाता शेवटी पॉकेटकडे वळणं, यालाच 'हूक' म्हणतात.

बॉल वळवायचा तर हातावर पूर्ण ताबा हवा. आणि ताबा येतो भोकांतून. चला, पहिल्या पायरीवर.

## पायरी १: हात

चांगला ड्रिलर सुरुवातीला गिऱ्हाइकाला भिंतीवरचा एकही बॉल दाखवत नाही. तो म्हणतो, "हात दाखवा." जुने घट्टे कुठे आहेत, कातडी कुठे सोलली आहे, अंगठा किती वाकतो, बोटं लवचीक आहेत की ताठ, संधिवात आहे का, जुनी दुखापत आहे का, हे सगळं पाहतो. जुना बॉल असेल तर तोही मागतो. हातावरचा घट्टा म्हणजे आधीच्या मापाचा तक्रार-अर्जच असतो, फक्त वाचता आला पाहिजे.

मग माप घेतो. यात मुख्य तीन गोष्टी.

स्पॅन. अंगठ्याच्या भोकापासून मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या भोकांपर्यंतचं अंतर. दोन्ही बोटांची लांबी वेगळी, म्हणून दोन्ही स्पॅन वेगवेगळे मोजायचे. नवशिके साधारण 'कन्व्हेन्शनल' पकड वापरतात, त्यात बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. बॉल वळवणारे 'फिंगरटिप' पकड वापरतात, बोटं फक्त पहिल्या पेरापर्यंत. स्पॅन लांब झाला तर हात ताणला जातो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. आखूड झाला तर बॉल पडेल या भीतीने माणूस मूठ आवळतो. दोन्हीकडे ताबा जातो.

पिच. भोक बॉलच्या मध्याकडे सरळ न पाडता थोडं तिरकं पाडता येतं, तो कल म्हणजे पिच. अंगठ्याचं भोक तळहाताकडे झुकलं असेल तर पकड घट्ट होते, उलट दिशेने झुकलं असेल तर अंगठा लवकर सुटतो. डावीकडे-उजवीकडेही कल देता येतो, कारण सगळ्यांचे अंगठे तळहाताला एकाच कोनात जोडलेले नसतात. इंचाच्या आठव्या भागाचा फरकसुद्धा हाताला लगेच जाणवतो.

भोकाचा आकार. ड्रिल बिट इंचाच्या चौसष्टाव्या भागाने वाढत जातात. एवढ्या बारीक फरकाने अंगठा अडकतो किंवा सैल होतो. त्यात आणखी गंमत म्हणजे अंगठा दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. खेळता खेळता सुजतो, थंडीत आक्रसतो. त्यावर उपाय म्हणजे भोक किंचित मोठं ठेवायचं आणि आत टेपचे छोटे तुकडे लावायचे. अंगठा फुगला की एक तुकडा काढायचा, आक्रसला की एक लावायचा. फिंगरटिप पकडीत बोटांच्या भोकांत मऊ इन्सर्ट बसवतात. अंगठ्याच्या भोकात 'स्लग' नावाची नळी बसवून त्यात माप कोरतात, म्हणजे पुढे बदल करायचा झाला तर फक्त नळी बदलायची.

हा काटेकोरपणा हौसेचा नाही. डॉक्टरांच्या पुस्तकांत 'बोलर्स थंब' नावाचा त्रास नोंदवलेला आहे. भोकाची कड अंगठ्याच्या आतल्या बाजूच्या नसेवर पुन्हा पुन्हा घासते, नसेभोवती जाड पेशी तयार होतात, अंगठ्याला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. उपायांच्या यादीत विश्रांतीबरोबर एक उपाय ड्रिलरच्या हातातला असतो: भोक बदला, कडा गोल करा. म्हणजे बघा, दुकानदाराने पाच मिनिटं वाचवण्यासाठी कड घासली नाही, तर एखाद्याला खेळणं थांबवावं लागू शकतं.

इथे थांबून स्वतःला विचारा: तुमच्या मापातली चूक गिऱ्हाइकाला कुठे दुखते? आणि ते तुम्हाला कळतं का, की ते नुसतंच दुसऱ्या दुकानात जातं?

## पायरी २: फेक

हात कळला. आता हा माणूस बॉल टाकतो कसा? हे विचारून कळत नाही. बहुतेक जण स्वतःच्या फेकीबद्दल जे सांगतात ते त्यांच्या इच्छेबद्दल असतं. म्हणून चांगला ड्रिलर गिऱ्हाइकाबरोबर लेनवर जातो आणि चार-सहा फेकी बघतो. प्रो शॉप सेंटरच्या आत असण्याचा खरा फायदा हाच.

तो काय बघतो?

- वेग: बॉल किती जोरात जातो.
- फिरकी: बॉल मिनिटाला किती वेळा फिरतो. मोजायला सोपी युक्ती आहे. बॉलवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावायचा, मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचा आणि टेप किती वेळा फिरली ते मोजायचं.
- फिरण्याची दिशा: बॉल पुढच्या बाजूला लोळतो की कडेला फिरतो.
- अक्ष: भोवरा आरीवर फिरतो, तसा बॉलही एका काल्पनिक रेषेभोवती फिरतो. ती रेषा बॉलच्या पृष्ठभागावर जिथे बाहेर येते त्या बिंदूला 'पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट' म्हणतात, बोलताना 'पीएपी'. बॉलवर उमटलेल्या तेलाच्या कड्यांवरून तो शोधता येतो.

हा पीएपी प्रत्येकाचा वेगळा. पकडीच्या मध्यापासून "इतके इंच बाजूला, इतके इंच वर" अशी त्याची नोंद होते. पुढे भोकं बॉलवर नेमकी कुठे पाडायची हे या बिंदूवरून ठरतं. पीएपी माहीत नसताना भोकं पाडणं म्हणजे खांद्याचं माप न घेता ब्लाउज शिवणं. घालता येईल, पण हात वर केला की कळेल.

## पायरी ३: लेन

आता खरी मजा. लेन दिसते कोरडी, पण तिच्यावर तेल असतं. मशीनने अतिशय पातळ थर पसरवलेला असतो, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. सुरुवातीला हे लाकूड जपण्यासाठी होतं, आज खेळच त्याच्यावर चालतो.

तेल असतं तिथे बॉल घसरतो, कोरडं लागलं की पकड घेतो आणि वळतो. म्हणून बॉलच्या प्रवासाचे तीन टप्पे: घसरणं, वळणं, लोळणं.

रोजच्या खेळासाठी सेंटरवाले जो 'हाउस पॅटर्न' टाकतात त्यात मध्ये तेल जास्त आणि कडेला कमी. ही खेळाडूवर केलेली मेहेरबानी आहे. बॉल चुकून कडेला गेला तर कोरडी जागा त्याला परत आत वळवते, आत राहिला तर तेल त्याला सरळ नेऊन ठेवतं. स्पर्धांतल्या 'स्पोर्ट' पॅटर्नमध्ये हा फरक कमी ठेवतात. मध्य आणि कड यांचं प्रमाण जास्तीत जास्त तीनास एक. तिथे माफी नाही. सेंटरमध्ये दोनशेच्या वर खेळणारा माणूस तिथे गडबडतो आणि मग म्हणतो, "बॉल खराब निघाला!"

तेल किती फुटांपर्यंत आहे हेही महत्त्वाचं. खेळाडू '३१ चा नियम' वापरतात: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा, येईल त्या फळीच्या आसपास बॉल वळायला लागावा. पॅटर्न ४० फुटी असेल तर कडेपासून नववी फळी. हा अंदाज आहे, कायदा नाही, पण सुरुवात करायला बरा.

आणि लेन स्थिर राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं तेल स्वतःबरोबर उचलतो, थोडं पुढे ढकलतो. पहिल्या गेमला चाललेली रेषा तिसऱ्या गेमला चालत नाही. म्हणून ड्रिलरचा प्रश्न असतो: "तुम्ही खेळता कुठे? कुठल्या वारी, किती वाजता? ताज्या तेलावर की आधीच्या लोकांनी खेळून झाल्यावर?"

आपल्या भाषेत सांगायचं तर, माल कुठे वापरला जाणार आहे ते विचारा. कपाट कोरड्या खोलीत जाणार की ओल आलेल्या भिंतीला लागणार? रंग पुण्यात लागणार की रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्यात?

## पायरी ४: आता बॉल काढा

इथपर्यंत येईतो दुकानातल्या चाळीस बॉलपैकी तीस-पस्तीस आपोआप बाद झालेले असतात. उरलेल्यांतून निवडताना बॉलचे तीन भाग बघायचे.

कवच. बाहेरचा थर. जुने बॉल लाकडाचे, 'लिग्नम व्हिटे' नावाच्या कठीण लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबर आलं, मग प्लास्टिक म्हणजे पॉलिएस्टर, १९८० च्या दशकात युरेथेन आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन'. रिअ‍ॅक्टिव्ह कवच तेल शोषतं आणि कोरड्यावर जोरात पकडतं. प्लास्टिक सरळ जातं.

कवचाची ताकद किती, याचा प्रसिद्ध किस्सा डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूचा. १९७३ साली त्याने प्लास्टिकचे बॉल एका तीव्र रसायनात भिजवून मऊ केले. मऊ कवच लेनला जास्त पकडायला लागलं, आणि त्या वर्षीचा पीबीए या व्यावसायिक संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढे बॉलच्या कडकपणाची किमान मर्यादा नियमात आली. हे रसायन घातक असतं, घरी करून बघू नका!

गाभा. बॉलच्या आत एक जड आकार असतो, त्याला कोअर म्हणतात. वजन मध्याजवळ असेल तर बॉल लवकर फिरायला लागतो, बाहेरच्या बाजूला असेल तर उशिरा. त्याचा मोजमापाचा आकडा म्हणजे 'आरजी', तो नियमाने २.४६ ते २.८० इंचांच्या आतच असावा लागतो. गाभ्याचा वरचा भाग कुठे आहे हे सांगणारा रंगीत ठिपका बॉलवर असतो, त्याला 'पिन' म्हणतात. पाडायच्या पिनशी याचा संबंध नाही, नावाचा घोळ आहे फक्त.

मांडणी. हा ठिपका खेळाडूच्या पीएपीपासून किती अंतरावर येईल अशा बेताने भोकं पाडायची, ही लेआउट ठरवण्याची कला. हे अंतर ३ ३/८ इंच ठेवलं तर बॉलचा अक्ष सगळ्यात जास्त सरकतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात कवचाचा कोरा भाग लेनला लागतो आणि पकड वाढते. ठिपका अगदी पीएपीवर किंवा ६ ३/४ इंच लांब ठेवला तर हे सरकणं सगळ्यात कमी. बॉल तोच, कवच तेच, फक्त भोकांची जागा बदलली की वागणूक बदलते.

पण इथे एक सावधगिरी. लेआउटची चर्चा लोकांना फार आवडते, आकडे आणि कोन असतात ना! अमेरिकेतल्या नियामक संस्थेने, यूएसबीसीने, बॉलच्या हालचालीचा मोठा अभ्यास केला, तेव्हा परिणामाच्या यादीत वर आल्या कवचाच्या गोष्टी: पृष्ठभाग किती खडबडीत आहे, लेनशी घर्षण किती होतं. म्हणजे बारीक पॉलिश पेपरने बॉल घासणं हे काम लेआउटच्या कोनांपेक्षा जास्त फरक पाडू शकतं. ५०० नंबरच्या पॅडने घासलेला बॉल लवकर पकडतो, ४००० च्या पॅडने घासलेला जास्त घसरतो. आणि या कामाला नवीन बॉल लागत नाही. प्रामाणिक दुकानदार हे गिऱ्हाइकाला सांगतो. दुसरा नवीन बॉल विकतो.

## दोन गिऱ्हाइकं, एकच सेंटर

समजा, दोघं एकाच संध्याकाळी, एकाच हाउस पॅटर्नवर खेळतात.

पहिला: अंगाने दणकट, बॉल जोरात टाकतो, फिरकी कमी. त्याचा बॉल तेलावरून सुसाट निघून जातो, वळायला वेळच मिळत नाही. त्याला लवकर पकडणारं कवच, थोडा खडबडीत पृष्ठभाग आणि कमी आरजीचा गाभा.

दुसरी: बॉल सावकाश टाकते, पण मनगटाने फिरकी भरपूर देते. तिचा बॉल आधीच खूप वळतो, पॉकेट ओलांडून पलीकडे जातो. तिला सौम्य कवच, पॉलिश केलेला पृष्ठभाग आणि जास्त आरजी.

आता दुकानातला सगळ्यात महागडा, सगळ्यात जोरात वळणारा बॉल दोघांना विकला, तर पहिला खूश होईल आणि दुसरी महिनाभरात खेळ सोडेल. दोघांकडून पैसे सारखेच मिळाले. पण दुसरी परत येणार नाही, आणि तिच्या लीगमधल्या चौघी मैत्रिणीही येणार नाहीत.

आणि तिसरं गिऱ्हाईक विसरू नका: नुकताच खेळायला लागलेला माणूस. त्याला हाताच्या मापाचा, पेलवेल अशा वजनाचा साधा प्लास्टिकचा बॉल पुरतो. नियमाने जास्तीत जास्त वजन १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो, पण हल्ली अनेक व्यावसायिक खेळाडूही १५ पौंड वापरतात. जड म्हणजे चांगला, हा समज ड्रिलरनेच मोडायचा. पुढे तो रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घेईल तेव्हा हा प्लास्टिकचा बॉल वाया जात नाही. कोपऱ्यात एकटी उरलेली पिन पाडायला सरळ जाणारा बॉलच लागतो, व्यावसायिक खेळाडूसुद्धा त्यासाठी प्लास्टिक बाळगतात. छोटी विक्री, पण मोठ्या विक्रीचा पाया.

## पायरी ५: ड्रिल, आणि त्यानंतर

खुणा झाल्या, माप पुन्हा तपासलं, मग ड्रिल. भोकं झाली की कडा गोल करायच्या, इन्सर्ट बसवायचे, गिऱ्हाइकाच्या हातात बॉल द्यायचा. आणि दुकानाचं काम इथे संपत नाही. चांगला ड्रिलर म्हणतो, "दोन-तीन गेम खेळून या, मग अंगठा बघू." पहिली दुरुस्ती किमतीतच धरलेली असते.

चुकलं तर? भोक द्रव प्लास्टिकने भरून, सुकवून, घासून पुन्हा पाडता येतं. याला 'प्लग' करणं म्हणतात. काम होतं, पण वेळ जातो, मजुरी जाते, आणि बॉलवर ठिगळ दिसतं. नंतर माप घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

नियमही बदलतात. पूर्वी बोटं न घालायचं एक जादा भोक पाडून बॉलचं वजन संतुलित करता येई. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या अधिकृत खेळात ते बंद झालं. आता प्रत्येक भोक प्रत्येक फेकीत पकडीसाठी वापरलं गेलं पाहिजे. जुने बॉल प्लग करून घ्यावे लागले. जेसन बेलमाँटीसारखे दोन हातांनी टाकणारे खेळाडू अंगठा घालतच नाहीत, तेव्हा अशांच्या बॉलला अंगठ्याचं भोकही चालत नाही. ज्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकांच्या नोंदी होत्या, त्याला "तुमच्या बॉलला जादा भोक आहे, आणून द्या" असा फोन करता आला. ज्याच्याकडे नव्हत्या, तो कुणी येतंय का याची वाट बघत बसला.

## धंद्याचा हिशेब

बॉल इंटरनेटवर दुकानापेक्षा स्वस्त मिळू शकतो. तेव्हा प्रो शॉपवाल्याने किमतीत लढायचं का? लढला तर हरला. त्याच्याकडे इंटरनेटकडे नसलेल्या तीन गोष्टी आहेत:

१. हाताचं माप. कुरिअरच्या खोक्यातून हात येत नाही.
२. लेनची माहिती. त्या सेंटरचं तेल, मंगळवारची लीग, रविवारची गर्दी त्याला ठाऊक असते.
३. नोंदवही. प्रत्येकाचा स्पॅन, पिच, भोकांची मापं, पीएपी, तारीख. दुसरा बॉल घ्यायला माणूस त्याच्याकडेच येतो, कारण त्याचा हात तिथे लिहून ठेवलेला आहे.

म्हणून अनेक दुकानं ड्रिलिंगची मजुरी बॉलच्या किमतीपासून वेगळी दाखवतात, आणि बाहेरून आणलेला बॉलही आनंदाने ड्रिल करून देतात. हे नीट समजून घ्या. "बाहेरून घेतलाय? मग आम्ही करत नाही" असं म्हटलं तर एक माणूस गेला. "आणा, माप घेऊ" म्हटलं तर पुढची दहा वर्षं तो माणूस तुमच्या वहीत आला.

मजुरी वेगळी दाखवल्याने आणखी एक होतं: गिऱ्हाइकाला कळतं की इथे कौशल्य विकलं जातं. आपल्याकडे कितीतरी कारागीर कौशल्य फुकट देतात आणि मालावर नफा काढायला बघतात. मग समोरचा माल दुसरीकडून आणतो आणि सल्ला तुमच्याकडून फुकट नेतो. चूक त्याची नाही, बिलात सल्ला लिहिलेलाच नव्हता!

शिवाय देखभाल. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल तेल पितो, हळूहळू मंदावतो. साठेक गेमनंतर पृष्ठभाग पुन्हा घासून घ्यावा असा सल्ला देतात. अंगठ्याचं माप वयाने, वजनाने बदलतं. एकदा विकलेला बॉल पुढे पुन्हा पुन्हा काम आणतो, अट एकच, पहिलं माप बरोबर हवं.

## तुमचा गृहपाठ

अ) तुमच्या धंद्यातलं 'भोक' शोधा. म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती पायरी. टेलरसाठी कापडाला कात्री. चष्मेवाल्यासाठी काच कापणं. सुतारासाठी प्लायवर करवत. केटरिंगवाल्यासाठी आदल्या रात्री तांदूळ भिजवणं. छापखान्यासाठी मजकूर मशीनवर चढवणं. एका ओळीत लिहा.

ब) त्या पायरीआधी तुम्ही किती प्रश्न विचारता, ते मोजा. गेल्या आठवड्यातल्या पाच ऑर्डर आठवा. खरोखर विचारलेले प्रश्नच लिहा, विचारायला हवे होते ते नाही.

क) प्रश्नांचा क्रम लावा:
- हात: हे कुणासाठी आहे, त्यांना काय झेपतं, आधी कुठे दुखलंय?
- फेक: ते प्रत्यक्षात कसं वापरतात? विचारू नका, शक्य तिथे बघा.
- लेन: ते कुठे वापरलं जाणार, तिथली परिस्थिती पुढे कशी बदलते?
- बॉल: आता माल दाखवा. तीनच पर्याय, जास्त नको.

ड) गिऱ्हाईक-कार्ड बनवा. साधी वही चालेल. नाव, मापं, तारीख, काय दिलं, का दिलं. 'का दिलं' हा रकाना सोडू नका. दोन वर्षांनी तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

इ) तुमची मजुरी बिलात वेगळ्या ओळीत लिहा. एक महिना करून बघा.

पाचही जमले नाहीत तर निदान 'अ' आणि 'ड' या आठवड्यात करा. पुढच्या व्हिडिओत आपण याच कार्डावरून जुन्या गिऱ्हाइकाला फोन कसा करायचा, काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, ते प्रत्यक्ष करून बघू. तेव्हा येताना किमान दहा कार्डं भरलेली आणा. रिकाम्या वहीवर फोन करता येत नाही!